ग्रीसच्या कैफियती लिहिणारा

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, हेड्रिअन आणि त्याच्यामागून आलेल्या अँटोनाइन सम्राटांच्या अमदानीत, ग्रीस हा देश रोमन साम्राज्याचा एक शांत, काहीसा निर्धन आणि आपल्या पूर्ववैभवावर उदरनिर्वाह करणारा प्रांत होऊन बसला होता. इ. स. पू. १४६ मध्ये रोमन सेनापती ममिअस याने कॉरिंथ जमीनदोस्त केले होते आणि शंभर वर्षे ते उजाड राहिल्यावर ज्युलिअस सीझरने तेथे नवी वस्ती आणून बसविली होती, इ. स. पू. ८६ मध्ये सुला या रोमन सेनापतीच्या सैन्याने अथेन्स लुटले होते. आणि नीरो बादशहाने एकट्या डेल्फायच्या देवस्थानातून पाचशे कांस्यमूर्ती उचलून नेल्याची हकिकत लोक अजून सांगत होते. तरीही जे उरले होते ते थोडेथोडके नव्हते. देवळे उभी होती, उत्सव चालू होते, गावोगावच्या वेशीबाहेर वीरांच्या समाध्या होत्या, आणि प्रत्येक समाधीपाशी तिची कथा सांगणारा कोणी ना कोणी भेटत होता. अशा या देशात, समुद्रापलीकडच्या आशिया मायनरमधून, पॉसेनिअस नावाचा एक सुखवस्तू गृहस्थ प्रवासास निघाला, आणि पुढील वीसपंचवीस वर्षांत त्याने ग्रीसच्या वर्णनाचे जे दहा भाग लिहिले त्यांच्या आधारावाचून प्राचीन ग्रीसच्या अवशेषांतून आपल्याला आजही धड वाट काढता आली नसती.

या माणसाविषयी अन्य कोणी समकालीन काही लिहून ठेवलेले नाही. त्याच्याविषयी जे ज्ञात आहे ते त्याच्याच ग्रंथातील ओझरत्या उल्लेखांवरून जुळविलेले. कॉरिंथची वस्ती पुन्हा वसल्यापासून आपल्या काळापर्यंत २१७ वर्षे लोटली असे तो एका ठिकाणी म्हणतो, त्यावरून पाचवा भाग तो इ. स. १७४ च्या सुमारास लिहीत होता असे ठरते. लिडिया प्रांतातील सिपिलस पर्वताविषयी तो इतक्या घरोब्याने लिहितो की त्या पर्वताच्या पायथ्याचे मॅग्नेशिया हेच त्याचे गाव असावे, असे बहुतेक विद्वान मानतात. मुले मारली गेल्यामुळे शोकाने शिळा झालेली नायोबी ही याच पर्वतावर आहे, अशी ग्रीकांची फार जुनी समजूत होती. पॉसेनिअस सांगतो की, मी स्वतः वर चढून गेलो. जवळून पाहिले तर तो केवळ एक कडा आहे, त्यात स्त्रीचा आकारही नाही आणि शोकही नाही, पण जरा दूर सरून उभे राहिले तर मान खाली घालून रडत बसलेली बाई दिसल्याचा भास होतो. या दोनतीन वाक्यांत त्याचा सारा स्वभाव आला आहे. ऐकलेली गोष्ट तो पडताळून पाहतो, आणि पडताळ्यात ती टिकली नाही तरी टाकून देत नाही. किती अंतरावरून ती खरी वाटते तेवढे मात्र नमूद करतो.

त्याच्या लेखनाची रीत ठरलेली आहे. एखाद्या मुलखाची सरहद्द ओलांडली की जवळच्या वाटेने तो मुख्य नगरात जातो, प्रथम भरचौकातील देवळे, पुतळे आणि थडगी पाहतो, मग नगरदुर्गावर चढतो, आणि नंतर नगरातून फुटणाऱ्या एकेका रस्त्याने हद्दीपर्यंत जाऊन परत येतो. शेवटच्या रस्त्याने गेला की परतत नाही, शेजारच्या मुलखात शिरतो. महसुलाची पाहणी करणारा एखादा कारकून जितक्या शिस्तीने गाव फिरेल तितक्या शिस्तीने हे चालते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पुष्कळदा तितकेच रूक्षही वाटते. परंतु देऊळ, झरा, वृक्ष, फुटका खांब, काहीही वाटेत आले की तो थांबतो आणि त्या वस्तूची कथा सांगू लागतो, आणि ही कथा कधी अर्धी ओळ असते तर कधी, मेसीनियाच्या स्पार्टाविरुद्धच्या युद्धांप्रमाणे, जवळजवळ एक संपूर्ण भाग व्यापून टाकते.

या कथा त्याला सांगितल्या कोणी? काही त्याने जुन्या कवींच्या ग्रंथांतून घेतल्या, काही शिलालेखांवरून. पण फार मोठा भाग त्या त्या स्थळी राहणाऱ्या, वाटाड्याचे आणि निरूपणकाराचे काम करणाऱ्या लोकांकडून आलेला आहे. आपल्याकडे पेशवाईच्या अखेरीस कर्नल मॅकेंझीच्या माणसांनी दक्षिणेतील गावोगावच्या कैफियती पाटील-कुलकर्ण्यांच्या आणि देवस्थानच्या पुजाऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतल्या, तशाच जातीचे हे काम होते. या निरूपणकारांची कीर्ती मात्र संमिश्र होती. स्वतः डेल्फायचा पुरोहित असलेला प्लूटार्क तक्रार करतो की, हे लोक आपले पाठ केलेले भाषण सुरू करतात आणि ते आवरते घ्या म्हणून कितीही विनवले तरी ऐकत नाहीत. आणि ल्युशन हा विनोदी लेखक म्हणतो की, ग्रीसमधून दंतकथा काढून घेतल्या तर हे सारे उपाशी मरतील, कारण खरी गोष्ट परदेशी प्रवासी फुकटसुद्धा ऐकणार नाहीत. पॉसेनिअस त्यांची थट्टा करीत नाही. आर्गॉसच्या निरूपणकारांविषयी तो इतकेच नोंदवितो की, आपण सांगतो ते सगळे खरे नव्हे हे त्यांना ठाऊक आहे, तरी ते तसेच सांगत राहतात, कारण जनसमुदायाचे मत पालटणे सोपे नसते. आपली स्वतःची भूमिकाही तो स्पष्ट करून ठेवतो: ग्रीक लोक जे सांगतात ते सांगणे माझे कर्तव्य आहे, ते सगळे मानलेच पाहिजे असे बंधन माझ्यावर नाही.

फोसिस प्रांतातील पॅनोपियस या गावाचे त्याने केलेले वर्णन मला या दृष्टीने फार मोलाचे वाटते. याला नगर म्हणावे का, असा प्रश्न त्याला आरंभीच पडतो. कारण येथे सरकारी कचेरी नाही, व्यायामशाळा नाही, नाट्यगृह नाही, बाजारचौक नाही, नळाने आणलेले पाणी नाही, आणि लोक एका घळीच्या काठावर डोंगरी झोपड्यांसारख्या खोपटांत राहतात. तरी त्यांची शेजाऱ्यांशी हद्द ठरलेली आहे आणि फोसिसच्या सभेस ते आपले प्रतिनिधी पाठवितात, म्हणजे दफ्तरी ते नगरच. इतके तुच्छतेने लिहून झाल्यावर तो त्या घळीपाशी पडलेल्या दोन प्रचंड मातकट शिळांकडे वळतो. प्रॉमीथिअसने ज्या मातीपासून मनुष्यजात घडविली त्या मातीचा हा उरलेला भाग, असे गावकरी सांगतात; आणि पॉसेनिअस जवळ जाऊन हुंगून पाहतो व लिहितो की, तिला माणसाच्या कातडीसारखा वास येतो. ज्या गावात पाण्याचा नळ नाही त्या गावात मनुष्यजातीची उरलेली माती आहे, आणि दोहोंची नोंद त्याने सारख्याच गांभीर्याने केली आहे.

आर्केडियातील फिगॅलियाची गोष्ट याहून विलक्षण. तेथील डोंगरातील एका गुहेत काळ्या डिमीटर देवीची मूर्ती होती; तिचे अंग स्त्रीचे आणि मस्तक घोड्याचे, असे सांगत. पॉसेनिअस म्हणतो की, मी फिगॅलियाला गेलो तो मुख्यतः या डिमीटरसाठी. तेथे जाऊन पाहतो तो मूर्ती नाही, आणि मूर्ती होती याचीदेखील बहुतेक गावकऱ्यांना खबर नाही. अखेर जे भेटले त्यांतील सर्वांत वृद्ध मनुष्याने सांगितले की, तीन पिढ्यांपूर्वी गुहेच्या छताचे दगड कोसळून ती मूर्ती फुटली आणि नाहीशी झाली. आणि कोठून दगड निखळले ती जागा छतावर अजून दिसत होती. एखाद्या दुसऱ्या प्रवाशाने येथे हळहळीचे चार शब्द लिहून पाठ फिरविली असती. याने तेथील प्रथेप्रमाणे पशुबळी न देता द्राक्षे, इतर फळे, मधाचे पोळे आणि न कातलेली लोकर वेदीवर ठेवली, त्यांवर तेल ओतले, आणि हा सारा विधी तपशीलवार लिहून ठेवला. आरंभी आपल्याला या ग्रीक कथा मूर्खपणाच्या वाटत, पण आर्केडियापर्यंत आल्यावर आपले मत बदलले, जुन्या ज्ञात्यांनी आपले म्हणणे कोड्यांत घालून ठेवले असावे असे वाटू लागले, अशी कबुली तो याच भागात देतो. वर्षानुवर्षे कथा ऐकत हिंडणाऱ्या माणसाच्या मनात कथेविषयीचा आदर असा हळूहळू वाढत गेलेला पाहणे, हा या ग्रंथाच्या वाचनातला एक आडवाटेचा आनंद आहे.

परंतु जेथे तो केवळ श्रोता राहिला नाही असे स्थळ म्हणजे बीओशियातील लेबाडिया येथील ट्रोफोनिअसचे भूमिगत देवस्थान. तेथे कौल घेणाऱ्याने प्रथम काही दिवस नेमलेल्या वास्तूत राहावे, ऊन पाण्याने स्नान न करता हर्किना नदीतच करावे, आणि बळी दिलेल्या पशूंचे मांस खावे. त्या बळींच्या आतड्यांवरून देव प्रसन्न आहे की नाही हे पुरोहित ठरवीत. शेवटच्या रात्री एका खड्ड्यावर मेंढा कापला जाई, आणि त्याची लक्षणे शुभ निघाली तरच पुढचा मार्ग मोकळा. मग सुमारे तेरा वर्षांची दोन मुले त्याला नदीवर नेऊन स्नान घालीत व तेल माखीत. पुढे जवळजवळ असलेल्या दोन झऱ्यांवर त्याला पाणी पाजीत: एक विस्मृतीचा, आजवर मनात जे होते ते पुसून टाकण्यासाठी, आणि दुसरा स्मृतीचा, आता जे दिसेल ते ध्यानात राहण्यासाठी. तागाचा अंगरखा, त्यावर फितींचा कमरबंद आणि पायांत तिथल्या पद्धतीचे जोडे, अशा वेषात तो विवरापाशी येई. हे विवर नैसर्गिक नव्हे, कुशल गवंड्यांनी बांधलेले. आकार पाव भाजण्याच्या भट्टीचा, रुंदी चार हात आणि खोली आठ हात. खाली पायऱ्या नाहीत. एक अरुंद, हलकी शिडी लावीत. तळाशी भिंत आणि फरसबंदी यांच्यामध्ये दोन वीत रुंद आणि एक वीत उंच एवढे भोक. मधात मळलेले सातूचे पिंड हाती घेऊन उताणे पडायचे, पाय त्या भोकात सारायचे, आणि गुडघे आत जाईतो पुढे सरकायचे. गुडघे गेले की बाकीचा देह एखाद्या वेगवान नदीच्या भोवऱ्यात सापडल्यासारखा आत ओढला जाई. आत कोणाला काही दिसे, कोणाला काही ऐकू येई. परत येणे त्याच भोकातून, पुन्हा पाय पुढे करून. बाहेर आल्यावर पुरोहित त्याला स्मृतीच्या आसनावर बसवून सारे वदवून घेत आणि मग भयाने बधिर झालेल्या, स्वतःची वा भोवतालची शुद्ध नसलेल्या त्या माणसाला त्याच्या आप्तांच्या स्वाधीन करीत. कालांतराने त्याची बुद्धी ठिकाणावर येई, आणि हसूही परत येई. हे मी ऐकीव लिहीत नाही, मी स्वतः कौल घेतला आहे, असे पॉसेनिअस येथे बजावतो. आणि आपण काय पाहिले याविषयी चकार शब्द काढीत नाही. वास्तविक पाहिलेले पाटीवर लिहून देवाला अर्पण करण्याची तेथे सक्ती होती, म्हणजे त्यालाही ते लिहावे लागलेच असणार. विवराची मापे त्याने वाचकाला दिली आणि आतले दर्शन देवापाशी ठेवले. धर्मरहस्यांविषयी मौन पाळण्याची त्याची ही वहिवाट पहिल्या भागातील एल्यूसिसच्या वर्णनापासून चालत आलेली आहे.

ऑलिंपियाला त्याने दोन भाग दिले आहेत, आणि त्यातील तपशिलांची खातरजमा पुढे कुदळीने केली आहे. फिडिअसने घडविलेली झ्यूसची सुवर्ण-हस्तिदंती महामूर्ती आज नाही. पण तिच्यासमोरच्या काळ्या फरशीवर तेलाचे कुंड होते, कारण तेथील जागा दलदलीची, आणि त्या दमट हवेपासून हस्तिदंताचे रक्षण तेलाने होते, हे तो सांगतो. उलट अथेन्सच्या उंच व कोरड्या दुर्गावरील अथीनाच्या हस्तिदंताला पाण्याचा ओलावा लागतो, हेही जोडून सांगतो. मूर्तीच्या साफसफाईचे काम फिडिअसच्याच वंशजांकडे वतनासारखे चालत आले होते. हीराच्या मंदिराच्या मागील दालनातील दोन खांबांपैकी एक ओक लाकडाचा आहे, एवढी अर्धी ओळ त्याने लिहिली आहे. उत्खननात त्या मंदिराचे दगडी खांब एकमेकांशी जाडीने आणि माथ्याच्या घडणीने जुळेनात, तेव्हा या अर्ध्या ओळीवरून उलगडा झाला की मूळचे सारे खांब लाकडी होते आणि जसजसा एकेक कुजला तसतसा त्या त्या काळच्या घडणीचा दगडी खांब बसवीत गेले. क्रीडांगणाच्या वाटेवर, लाच देऊन वा घेऊन पकडल्या गेलेल्या खेळाडूंच्या दंडाच्या रकमेतून उभारलेल्या झ्यूसच्या मूर्तींची रांग होती. त्यांतील पहिल्या सहा, थेसलीच्या युपोलस नामक मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारल्याबद्दल, ९८ व्या ऑलिंपिक वर्षी म्हणजे इ. स. पू. ३८८ मध्ये बसविल्या गेल्या. मूर्ती गेल्या, बैठकी शिल्लक आहेत. मैदानात उतरणाऱ्या प्रत्येकास त्यांच्यावरून जावे लागे, यात व्यवस्थापकांचा धूर्तपणा दिसतो.

याच हीरामंदिरात प्रॅक्झिटिलीझ या शिल्पकाराचा एक पाषाणी हर्मीस असून त्याच्या हातावर बाल डायोनायसस आहे, असे पॉसेनिअसने जाता जाता लिहिले होते. १८७५ साली अर्न्स्ट कुर्टिउस याच्या पुढाकाराने जर्मन उत्खनन सुरू झाले, आणि १८७७ च्या मे महिन्यात त्याच मंदिरात, वरच्या कच्च्या विटांच्या भिंती विरघळून साचलेल्या मऊ मातीत, तान्ह्या देवाला हातावर घेतलेला संगमरवरी हर्मीस सापडला. तो अस्सल प्रॅक्झिटिलीझच्या हातचा की मागाहूनचा, यावर वाद आहे. तो तेथे होता यावर नाही.

मायसीनीचा मामला इतका सरळ नाही, आणि म्हणूनच अधिक रोचक आहे. ट्रॉयच्या युद्धातील ग्रीकांचा सेनानी अ‍ॅगॅमेम्नॉन आणि त्याच्याबरोबर मारले गेलेले लोक तटाच्या आत पुरलेले आहेत, आणि खुनी क्लायटेम्नेस्ट्रा व ईजिस्थस यांना आत जागा देणे अयोग्य म्हणून तटाच्या थोडे बाहेर पुरले, असे पॉसेनिअसने लिहिले आहे. पंडितांनी हा तट म्हणजे खालच्या वस्तीचा बाहेरचा कोट असे धरले होते. हाइन्रिख श्लीमान या व्यापारातून पुराणवस्तुशोधाकडे वळलेल्या, हट्टी आणि बऱ्याच अंशी बेभरवशाच्या माणसाने मात्र तो बालेकिल्ल्याचा तट असे वाचले, १८७६ साली सिंहद्वाराच्या आत खणायला घेतले, आणि उभ्या शिळांच्या वर्तुळात पाच खोल थडगी, त्यांत सोन्याचे मुखवटे, खड्ग आणि पात्रे असे घबाड त्याच्या हाती लागले. सहावे थडगे त्याच्यावर देखरेखीस नेमलेल्या स्टामाटाकिस या ग्रीक अधिकाऱ्याने पुढल्या वर्षी उघडले. श्लीमानने ग्रीसच्या राजाला तारेने वर्दी दिली की पॉसेनिअसने सांगितलेल्या समाध्या सापडल्या. त्या तशा नव्हत्या. ती थडगी इ. स. पूर्वीच्या सोळाव्या शतकाच्या आसपासची, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याच्या कित्येक पिढ्या आधीची. गंमत अशी की पॉसेनिअस तेथे गेला तेव्हा ही थडगी मातीखाली गाडलेली होती आणि ते नगर आर्गॉसच्या लोकांनी पाडून सहा शतके उलटली होती. म्हणजे त्याने पाहिले काहीच नाही, ‘येथे आत मोठे लोक पुरले आहेत’ एवढे ऐकले. नावे चुकली, पिढ्या चुकल्या, पण जागा चुकली नाही. स्थानिक परंपरेवर विश्वास किती ठेवावा याचा यापेक्षा चांगला मापदंड मला दुसरा माहीत नाही.

त्याचे दोष लपविण्याजोगे नाहीत. सूनिअमच्या भूशिरावरील देऊळ अथीनाचे असे तो म्हणतो. ते पोसायडनचे निघाले. रोमन काळातील इमारतींची त्याला जवळजवळ ओळखच नको असते: हिरोडीस अ‍ॅटिकस या धनिकाने ऑलिंपियात बांधलेल्या भव्य कारंज्याचा उल्लेखही नाही. अथेन्समधील त्याच धनिकाच्या संगीतगृहाबाबत मात्र, अथेन्सचा भाग लिहून झाल्यावर ते बांधले गेले म्हणून राहिले, असा खुलासा तो सहा भाग ओलांडून सातव्यात करतो. पार्थेनॉनला त्याने मोजक्या ओळी दिल्या आणि मंदिराभोवतीच्या शिल्पपट्टीविषयी अवाक्षर काढले नाही. तरीही पूर्वेकडील त्रिकोणशिखरात अथीनाच्या जन्माचा आणि पश्चिमेकडे तिच्या पोसायडनशी झालेल्या कलहाचा देखावा आहे, हे आपल्याला त्या ओळींवरूनच निश्चित कळते, कारण पूर्वेकडचा मधला भाग मंदिराचे ख्रिस्ती प्रार्थनागृह झाले तेव्हाच गेला होता. उलट डेल्फायच्या एका सभागृहातील पॉलिग्नोटसच्या भित्तिचित्रांतील व्यक्ती तो एकामागून एक नावानिशी सात प्रकरणे मोजत जातो. ती चित्रे केव्हाच नष्ट झाली. प्राचीन ग्रीक चित्रकलेच्या त्या पर्वाचे आपल्यापाशी जे काही आहे ते मुख्यतः हे शब्दच.

एकोणिसाव्या शतकातील जर्मन पंडितांत त्याला पुस्तकी चोर ठरविण्याची एक लाट आली होती, आणि तिच्या अग्रभागी विलामोव्हिट्स हा थोर विद्वान होता. ख्रिश्चन हॅबिख्ट या अभ्यासकाने या वैराचे मूळ उकरून काढले आहे: १८७३ साली तरुण विलामोव्हिट्स बड्या जर्मन मंडळींना पॉसेनिअसच्या आधारे ऑलिंपियाच्या बाजूची वाट दाखवू गेला, पॉसेनिअसने तो रस्ता उलट दिशेने वर्णिला आहे हे ध्यानात न आल्याने सर्वांसमक्ष चुकला, आणि तो राग त्याने पुढे आयुष्यभर बाळगला. इतक्या विद्वत्तेच्या मुळाशी इतका लहानसा अपमान असावा, हे वाचून करमणूक होते खरी. उत्खनने जसजशी वाढली तसतसे या आरोपातील बळ गेले. १८९८ मध्ये जेम्स फ्रेझरने सहा खंडांत केलेले भाषांतर आणि भाष्य आजही कपाटातून खाली उतरते.

हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला तोही नशिबाने. प्राचीन काळी तो फारसा कोणी वाचलेला दिसत नाही. सहाव्या शतकातील एक कोशकार त्याचा आधार घेतो, त्याआधी जवळजवळ शांतताच. पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्सच्या निक्कोलो निक्कोली याच्या संग्रहात एक हस्तलिखित होते. आज उपलब्ध असलेल्या सर्व प्रती त्याच एकापासून उतरलेल्या आहेत, आणि ते मूळ मात्र हरवले. १५१६ मध्ये व्हेनिसच्या आल्डस छापखान्यातून तो प्रथम मुद्रित झाला, आणि पुढे ग्रीसचा प्रवास करणाऱ्या स्पॉन, चँडलर, लीक या सर्वांच्या खोगिराच्या पिशवीत तो असे.

ग्रंथाचा शेवट नॉपॅक्टस येथे होतो. तेथील अ‍ॅस्क्लेपिअसच्या भग्न देवळाविषयी तो सांगतो की, ते फॅलिसिअस नावाच्या एका गृहस्थाने बांधले. त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. एपिडॉरसच्या देवाने अ‍ॅनिटी या कवयित्रीला स्वप्नात एक मोहोरबंद पाटी दिली. जागी झाल्यावर ती खरोखरच तिच्या हातात होती. अ‍ॅनिटी गलबताने नॉपॅक्टसला आली आणि फॅलिसिअसला म्हणाली, मोहोर फोडून वाच. डोळ्यांना दिसत नसता वाचायचे कसे, असे त्याला वाटले; तरी देवाच्या कृपेची आशा धरून त्याने मोहोर फोडली, मेणाकडे पाहिले, आणि त्याला दिसू लागले. पाटीवर लिहिल्याप्रमाणे त्याने अ‍ॅनिटीला दोन हजार सुवर्णमुद्रा दिल्या. एवढ्यावर दहावा भाग थांबतो. पुढची पाने गहाळ झाली असावीत असे कित्येकांचे म्हणणे आहे. पण ज्याने प्रस्तावनेची एक ओळही न लिहिता ग्रंथाला सुरुवात केली त्याला उपसंहाराची गरज वाटली असेल, असे मला तरी वाटत नाही.